दुसरी किल्ली

आजोळी चार मामी एका छपराखाली नांदायच्या. चूल एक, पण प्रत्येकीची ट्रंक वेगळी. त्या ट्रंकांच्या दुसऱ्या किल्ल्या मात्र आजीच्या कमरेच्या जुडग्यात असायच्या. एकदा घरखर्चातले पैसे धाकट्या मामीने दडवल्याची कुजबुज आजीच्या कानी आली. आजीने जुडग्याला हात लावला नाही. मामीला माजघरात बोलावलं. सगळ्यांदेखत मामीनेच ट्रंक उघडली. आत निघाली दोन लुगडी आणि माहेरची पत्रं.

भारत हा ‘राज्यांचा संघ’ आहे, असं आपल्या घटनेचं पहिलंच कलम सांगतं. सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे: संरक्षण, रेल्वे केंद्राकडे, पोलीस, शेती राज्यांकडे, शिक्षण, जंगलं दोघांत सामायिक. राज्याचा वाटा ही दिल्लीची मेहेरबानी नव्हे. दोघांनाही अधिकार घटनेनेच दिलेत. तरीही एक दुसरी किल्ली केंद्राकडे आहे: राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६. ते वापरायची वेळच येऊ नये, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत व्यक्त केली होती. प्रत्यक्षात ही किल्ली शंभराहून अधिक वेळा फिरली. फेब्रुवारी १९८० मध्ये महाराष्ट्रातलं ‘पुलोद’चं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकारही तिनेच घालवलं.

१९८९ मध्ये कर्नाटकात काही आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे गेली. मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई म्हणाले, विधानसभेत बहुमत सिद्ध करतो. ती संधी न देताच त्यांचं सरकार बरखास्त झालं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बजावलं, की बहुमताचा निवाडा राजभवनात नव्हे, सभागृहात व्हायचा. आणि अशी राजवट न्यायालयात तपासता येते. सगळ्यांदेखत ट्रंक उघडायची, ती हीच रीत.

निकालाने बोम्मईंचं सरकार परत आलं नाही. पण किल्ली फिरवणारा हात त्यानंतर बिचकू लागला. तो बिचकतो, ते न्यायालयाच्या धाकाने. आपलं काय? किल्ली आपल्या पक्षाकडे असली की दुसऱ्याची ट्रंक उघडणं आपल्याला कर्तव्य वाटतं. ती विरोधकांकडे गेली की तीच घरफोडी ठरते.

आजीला कुणाचाच धाक नव्हता. तरी किल्ली तिच्या कमरेलाच राहिली. त्या दिवशी मामीची अब्रू राखली गेली, आणि आजीचीही.