मत्स्यविक्रय आणि मत्स्यवैद्यक

चालती नोकरी कोणी सोडली म्हणजे आपल्या मध्यमवर्गांत पहिला प्रश्न निघतो तो पगाराचा, व दुसरा लोक काय म्हणतील याचा. हे दोन मिटले कीं विषय संपला असें आपण समजतों. परंतु कांहीं नोकऱ्या अशा असतात कीं त्या सोडाव्या कीं धरून ठेवाव्या हा प्रश्न जमाखर्चाच्या वहींत सुटत नाहीं. जिवंत प्राण्यांच्या दुकानांतील नोकरी ही त्यांपैकीं एक होय. हौसेचे मासे विकणारा एखादा तरुण तें काम टाकून जलचरांचा वैद्य व्हावयास निघाला, तर त्यानें नीतिदृष्ट्या कांहीं मिळविलें काय, आणि मिळविलें असल्यास नेमकें काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

कापडाच्या दुकानांत नोकरानें रंग पक्का म्हणून सांगितलें आणि तो पहिल्या धुण्यांत गेला, तर नुकसान गिऱ्हाइकाचें होतें; कापडाचें कांहीं बिघडत नाहीं. माशांच्या दुकानांत खोट्याची झळ ज्याला लागते तो त्या व्यवहारांत पक्षकारच नसतो. तो माल असतो. मुंबईंत महात्मा फुले मंडईच्या, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटच्या, आसपासचीं माशांचीं दुकानें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना पाणी व हवा भरून तोंड बांधलेल्या पिशव्यांतील तांबूस गोल्डफिश आठवतील. लहान मूल हट्ट धरतें, बाप मासा घेतो, व त्याबरोबर एक गोल काचेचें भांडें घेतो. पुढें काय होतें तें विक्रेत्याला ठाऊक असतें. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. त्याचें प्रथम नायट्राइट व मग बऱ्याच अंशीं निरुपद्रवी असें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु नव्या पाण्यांत वस्तीला येण्यास कांहीं आठवडे लागतात. आणि गाळणी नसलेल्या भांड्यांत त्यांना वस्तीला जागाहि पुरेशी नसते. तोंवर अमोनिया सांचतो, कल्ले भाजल्यासारखे होतात, मासा पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकतो. मुलाला वाटतें तो आपल्याशीं बोलावयास वर आला आहे. दहा वर्षें व त्याहूनहि अधिक जगूं शकणारा, वीतभर वाढूं शकणारा हा प्राणी पंधरवड्यांत मरतो, आणि बाप दुसरा घेण्यास येतो. पहिल्या माशाचा मृत्यु हीच दुसऱ्याची विक्री! गल्ल्यावर बसणाऱ्यास याहून सोयीची व्यवस्था शोधून सांपडावयाची नाहीं.

आमच्या परिचयाचा एक तरुण अशा दुकानांत बारावीनंतर दोन वर्षें कामाला होता. त्याला माशांची मनापासून आवड होती, व तीमुळेंच तो तेथें गेला होता. सुरुवातीस तो गिऱ्हाइकांना खरें सांगे: भांडें नको, मोठी काचपेटी घ्या, गाळणी लावा, ती महिनाभर चालूं द्या, आणि मग मासा न्यावयास या. मूल रडूं लागे व बाप शेजारच्या दुकानांत जाई. मालक वाईट माणूस नव्हता. पण भाडें थकत होतें. तेव्हां तरुणानें बोलणें कमी केलें. तो रात्रीं उशिरांपर्यंत थांबून पाणी बदली, आजारी मासे वेगळे काढी, अंगावर पांढरे ठिपके दिसले कीं पुस्तकांत वाचून औषध टाकी. त्यांतले कांहीं वांचत, बरेच मरत, आणि ते कशानें मेले हें त्याला कळत नसे. त्याला सर्वांत जास्त टोंचलें तें हें न कळणें, असें तो म्हणतो. अखेर त्यानें नोकरी सोडून पशुवैद्यकाच्या परीक्षेचा अभ्यास आरंभला.

घरीं अर्थातच गहजब झाला. घर कोंकणांतलें, ताटांत मासा रोजचा. आई म्हणाली, "मासा कसा आहे हें कल्ला उघडून पाहिला कीं मला बाजारांत उभ्या उभ्या कळतें. तुला त्याला साडेपांच वर्षें कशाला हवींत रे?" हा विनोद सोडून दिला तरी आक्षेप खरा आहे. आपल्या देशांत या विद्येला दोन दारें आहेत, व दोन्ही अर्धवट उघडीं आहेत. एक पशुवैद्यकाचें: परळचें महाविद्यालय १८८६ सालापासून चालू आहे, पण तेथें गाय, म्हैस, घोडा, कुत्रा, कोंबडी यांच्या गर्दींत माशाला कोपराच मिळतो. दुसरें मत्स्यशास्त्राचें: मंगळूरचें महाविद्यालय १९६९ चें, रत्नागिरीचें १९८१ चें, व वर्सोव्याची केंद्रीय संस्था १९६१ ची. तेथें माशाचे रोग नीट शिकवितात, परंतु पशुवैद्य म्हणून नांव नोंदविण्याचा अधिकार त्या पदवीनें मिळत नाहीं. एवढें करून मिळणार काय, तर तीस रुपयांच्या माशाची नाडी पाहण्याचा मान, असें मामा म्हणाले. (माशाची नाडी पाहत नाहींत, त्याच्या कल्ल्यांची उघडझाप मोजतात. पण मामांना तें सांगण्याची ही वेळ नव्हती.)

मामांचा हिशोब आम्हांला पटत नाहीं. गुंगीचें औषध पाण्यांत मिसळून, तें पाणी नळीनें तोंडांतून कल्ल्यांवर वाहतें ठेवून गोल्डफिशच्या अंगावरील गांठ कापून काढतात हें वाचून पुष्कळ लोक हंसतात. औषधाचा खर्च माशाच्या किंमतीच्या अनेक पट, हें त्यांच्या हंसण्याचें कारण. पण ही किंमत ठरविली कोणी? मासा स्वस्त आहे तो लाखांनीं पैदा करतां येतो म्हणून. त्याला कमी दुखतें म्हणून नव्हे. २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशाच्या तोंडाभोवतीं इजेची जाणीव देणारे मज्जातंतु असल्याचें दाखविलें; ओंठांत दाहक द्रव्य टोंचलेले मासे खाणें सोडीत, तळाच्या खड्यांवर ओंठ घाशीत. यास माणसाच्या अर्थानें वेदना म्हणावें कीं नाहीं, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. तो कांहींहि ठरो. बाजारभावावरून तो ठरावयाचा नाहीं, एवढें खास.

याहून जड आक्षेप दोन आहेत. पहिला असा कीं, चांगला माणूस दुकान सोडून गेला तर त्याच्या जागीं बेफिकीर माणूस येईल, व मासे अधिकच मरतील. यांत तथ्य आहे. परंतु या तर्कानें कोणत्याहि वाईट व्यवस्थेंत प्रत्येक सज्जनानें जन्मभर अडकून राहावें असें निघेल, आणि त्याच्या सज्जनपणाचा उपयोग मुख्यतः दुकानाची अब्रू राखण्यास होईल. तो तरुण रात्रीं पाणी बदलीत होता हें खरें. पण सकाळीं तोच मासा गोल भांड्याबरोबर बांधून देत होता हेंहि खरें.

दुसऱ्या आक्षेपाला इतकें सरळ उत्तर नाहीं. जलचरांच्या वैद्याचें मोठें काम हौसेच्या काचपेटींत नसून शेततळ्यांत आहे. रोहू, कटला, कोळंबी हे त्याचे रोगी, आणि बरे होऊन ते ताटांत जावयाचे. १९९० नंतरच्या दशकांत पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूनें आशियांतील कोळंबीचीं तळीं ओस पाडलीं, व आपल्या पूर्व किनाऱ्यावरील शेतकरी कर्जांत बुडाले. अशा वेळीं वैद्य एका कोळंबीकडे पाहत नाहीं, तळ्याकडे पाहतो. रोग ओळखण्यास तो कांहीं जीव मुद्दाम मारून फाडतो, आणि वेळ पडल्यास सगळें तळें नष्ट करण्याचा सल्ला देतो. एका माशाच्या मरणानें व्याकुळ होऊन घर सोडलेल्या माणसाला हजारांच्या मरणाचें गणित मांडावें लागतें. मग त्यानें लहान पाप टाकून मोठें पत्करलें काय?

आम्हांला तसें वाटत नाहीं, पण तो निर्मळ झाला असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. फरक इतकाच दिसतो कीं, दुकानाचा नफा गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर उभा होता, म्हणून खरें बोलणें हा तेथें धंद्याशीं द्रोह ठरे. वैद्याला मात्र खरें बोलण्याबद्दलच पैसे मिळतात. तळें बुडालें असेल तर बुडालें म्हणावें, अमुक औषध घातल्यास त्याचा अंश खाणाऱ्याच्या पोटांत जाईल हें सांगावें, यासाठींच त्याला बोलावितात. तेथेंहि मोह आहेत. औषधें विकणाऱ्या कंपन्या आहेत, घाईला आलेला शेतकरी आहे. पण तेथें मोहाला नकार दिल्यास नोकरी जाईलच असें नाहीं.

हें सर्व आम्ही त्या तरुणाला एकदां बोलून दाखविलें. तळ्याच्या गणिताचा विचार आपण केला आहे, असें तो म्हणाला. दुकानांत मेलेला प्रत्येक मासा आपण मोजीत होतों, तेव्हां मोजण्याची संवय आहेच. सध्यां तो परळला दुसऱ्या वर्षाला असून म्हशीच्या पोटाचे चार कप्पे पाठ करीत आहे. मासा अजून बराच दूर आहे.