विधवेच्या नावावर किती एकर?

विरारच्या एका व्याख्यानमालेत मध्यंतरी एका वक्त्यांनी भरपूर टाळ्या घेतल्या. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन विधवा पाहा, म्हणाले. नवरा वाटेत पटकीने गेला तरी बाईने बैलांची गाडी पश्चिमेकडे हाकली, माळ नांगरला, पोरं वाढवली. आज पणतवंडं तिची स्मारकं उभारतात. आमच्या बायका मात्र अलवण नेसून माजघरात बसल्या. कारण एकच, साहस रक्तात लागतं! टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या रांगेतल्या आज्याही होत्या, हे मला जास्त झोंबलं.

रक्ताचं नंतर पाहू, आधी सातबाऱ्याचं बोलू. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एकवीस वर्षं पुऱ्या झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकाला १६० एकर सरकारी जमीन मागता येई. पाच वर्षं तिथे राहून ती कसली की मालकी मिळे. बाईला मज्जाव नव्हता. पण नवऱ्याजवळ नांदणाऱ्या बाईला स्वतःचा दावा लावता येत नसे, विधवेला येई. नवरा जिवंत असताना जी कागदोपत्री कोणीच नव्हती, ती तो गेल्यावर कुटुंबप्रमुख झाली. तिच्या हिमतीबद्दल मला शंका नाही. पण त्या हिमतीखाली १६० एकर होते.

आता इकडे या. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा आपण शाळेत विद्यासागरांच्या फोटोसकट पाठ केला. त्याचं दुसरं कलम कोणी शिकवलं नाही. विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला, जणू ती त्या क्षणी मेलीच. ज्या जातींत पाट लावण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती, तिथल्या बायकांनाही मुंबई हायकोर्टाने हेच कलम लावलं. अलाहाबादच्या न्यायाधीशांनी उलट मत दिलं. आपल्या बायका मुंबईच्या हद्दीत होत्या. एका देशात कायद्याने विधवेला कुटुंबप्रमुख केलं, दुसऱ्यात सुधारणेच्या कायद्याने तिला कागदावर मारलं. रक्ताचा गट तपासायची गरज आहे का?

वक्त्यांनी पंडिता रमाबाई वाचल्या असत्या तर अमेरिकेचं कौतुक त्यांना जपून करता आलं असतं. स्वतः विधवा असलेली ही बाई १८८६ मध्ये तिकडे गेली आणि १८८९ मध्ये तिने त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या स्त्रियांच्या संस्थांनी ती भारावली होती, तरी मूळ रहिवाशांवरचा अन्याय तिच्या नजरेतून सुटला नाही. ती तिथे असतानाच, १८८७ मध्ये, डॉज कायदा झाला. आदिवासी जमातींच्या सामाईक जमिनीचे माणशी तुकडे पाडायचे आणि उरलेली 'जादा' ठरवून गोऱ्यांना खुली करायची, अशी ती सोय होती. स्मारकातल्या आजीबाईंचा नांगर कोणाच्या माळावर चालला, हे स्मारकावर कोरत नाहीत.

इथवर आल्यावर मी आपल्याच जिल्ह्यातली विधवा वक्त्यांच्या तोंडावर फेकणार होतो. अनुताई वाघ. जन्म १९१०, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुढे ट्रेनिंग, चांदवडला मास्तरकी, मग पुण्यात हुजूरपागा. नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक, आणि पदवी थेट एक्कावन्नाव्या वर्षी. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर त्या बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. एक विधवा, दुसरी नवऱ्यापासून वेगळी झालेली. मुलं बालवाडीत येईनात म्हणून या बायांनी बालवाडीच पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. खेळणी म्हणजे शिंपले, बिया, पानं. मुलांना आधी अंघोळ घालायची, मग गाणी. आमची पायोनिअर ही, हो की नाही?

पण असं म्हणताना माझीच जीभ अडखळते. पायोनिअर, म्हणजे पहिला वसाहतकार, म्हटलं की जमीन मोकळी होती असं गृहीत धरावं लागतं. बोर्डी-कोसबाडच्या आसपासची, डहाणू-तलासरीची जमीन मोकळी नव्हती, ती वारली आदिवासींच्या हातून सावकार-जमीनदारांकडे गेलेली होती. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघं मालकाच्या घरी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. अनुताई बोर्डीला आल्या त्याच १९४५ मध्ये वारल्यांनी लाल बावट्याखाली वेठ झुगारली. गोदावरी परुळेकरांनी तो लढा लिहून ठेवला आहे. शिवाय एक गंमत अशी की वारल्यांत विधवेला पुन्हा घर मांडायची मुभा होती. सुधारलेल्या घरांनी तेराव्या वर्षी जिचा संसार संपला असं ठरवलं, ती 'मागासांना' शिकवायला गेली! अनुताईंना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. त्या तिथे जमीन मागायला गेल्या नव्हत्या, आणि त्यांचं मोठेपण पायोनिअरच्या टोपीत मावतही नाही.

मग दुसऱ्या टोकाचे लोक भेटतात. वैधव्यानेच तिला मोकळं केलं, संसार असता तर कोसबाड घडलं नसतं, म्हणतात. यात तथ्य मुळीच नाही असं म्हणवत नाही. होमस्टेडच्या बाबतीत मी वर तेच तर सांगितलं. पण सहा महिन्यांत नवरा गेलेल्या मुली महाराष्ट्रात घरोघर होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींचा जन्म दिरांच्या चुलीपुढे गेला. अनुताईंच्या हाती ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि महिन्याचा पगार पडला. १६० एकर म्हणायचे तर ते हे.

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला तेव्हा मीही आनंदलो. तरी बांगडी शाबूत राहिली म्हणून घर चालत नाही. बोर्डी-कोसबाडची अंगणवाडी आज देशभर सरकारी योजना आहे, १९७५ पासून. आपल्या राज्यात सेविकेच्या भरतीत विधवांना जादा गुण मिळतात, हे उत्तमच. पण ती सेविका मानसेवी. तिला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे एवढं मान्य व्हायलासुद्धा २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. पुढच्या वेळी वक्त्यांनी व्याख्यानाआधी एखाद्या सेविकेला तिचा महिना कसा भागतो ते विचारावं. साहसाबद्दल तीही बरंच सांगेल.