आकाश दाखविणाऱ्याचे इमान

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार श्रीगोंदे तालुक्याबाहेरही प्रसिद्ध आहे. या बाजारातील एक रीत आम्ही अनेकदा पाहिली आहे. बैलाचा मालक बैलाचे वय सांगतो, गुण सांगतो, नांगराला तो कसा चालतो ते सांगतो. घेणारा सारे मुकाट्याने ऐकून घेतो आणि मग बैलाचा जबडा उघडून दात पाहतो. यात आपला अपमान झाला असे मालकालाही वाटत नाही. सांगणाऱ्याने थोडे वाढवून सांगावे आणि ऐकणाऱ्याने त्यातून वजा करून घ्यावे, असा हा उभयपक्षी मान्य असलेला जुना व्यवहार आहे.

१९ ऑक्टोबर २०२४ रोजी, बाजाराच्याच दिवशी, सायंकाळी आम्ही काष्टीबाहेरच्या एका मोकळ्या रानात उभे होतो. परिसरातील एक विज्ञानशिक्षक पाच-सहा तरुणांना हाताशी धरून आकाशनिरीक्षणाचे छोटेसे मंडळ चालवितात. एक लहान दुर्बीण आणि एक द्विनेत्री, एवढीच त्यांची सामग्री. त्यांनी गावात पत्रके वाटली होती : त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू पाहावयास या, ८०,००० वर्षांतून एकदाच येणारी संधी! पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे चंद्र उगवण्याच्या आत काम उरकावयाचे होते. पश्चिमेस शुक्र ठळक चमकत होता आणि त्याच्या बऱ्याच वर, कापसाच्या पेळूसारखा फिकट, लांबट असा तो धूमकेतू दिसत होता. जमलेली माणसे चाळीसएक असावीत.

त्यांत आमच्या ओळखीच्या एक वृद्ध बाई होत्या. आकाशाकडे पाहतच त्यांनी विचारले, "फादर, शेंडेनक्षत्र दिसलं की राजा मरतो, पटकी येते, असं आमची आई म्हणायची. काही वाईट व्हायचं नाही ना?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच शिक्षक म्हणाले, "आजी, तो बर्फाचा अन् धुळीचा गोळा आहे. सूर्याजवळ आला की तापतो, मग त्याची वाफ अन् धूळ अशी लांबते. सात कोटी किलोमीटरच्याही पलीकडं आहे तो. त्याला आपली काही खबरच नाही." बाईंच्या चेहऱ्यावरची काळजी ओसरली. एका म्हाताऱ्या जिवाच्या मनातून आयुष्यभराची भीती दोन मिनिटांत दूर झालेली आम्ही पाहिली आणि त्या शिक्षकांविषयी आम्हांस मनापासून आदर वाटला.

गर्दी पांगल्यावर आम्ही त्यांना सहज विचारले, "सर, ते ऐंशी हजार वर्षांचं नक्की आहे का?" ते हसले. "फादर, तो आकडा आता कोणी खात्रीनं सांगत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तसं छापलं नसतं, तर ही माणसं आज टीव्हीपुढंच बसली असती. चांगल्यासाठीच केलं ना?"

हा प्रश्न आमच्याबरोबर घरी आला आणि अद्याप गेलेला नाही. चांगल्या हेतूने थोडे वाढवून सांगणे क्षम्य आहे काय?

प्रथम त्या आकड्याविषयी. नवा धूमकेतू सापडला की आरंभीच्या थोड्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा मांडली जाते. या धूमकेतूच्या बाबतीत तशाच एका मांडणीतून ८०,००० वर्षांचा आकडा निघाला आणि जगभर पसरला. पुढे निरीक्षणे वाढली आणि तो आकडा टिकला नाही. हा धूमकेतू सूर्यमाला कायमची सोडून जात असण्याचीही शक्यता पुढे आली. म्हणजे पत्रकातील विधान लिहिणाऱ्याने रचलेले नव्हते. ते खरे राहिलेले नाही हे कळल्यावरही ते तसेच ठेवले, एवढाच दोष. दोष लहान आहे, म्हणूनच तो विचारात घेण्याजोगा आहे. मोठे असत्य आपणांस लगेच ओळखू येते.

शिक्षकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. आकाशाची ओळख लोकांना करून देण्याचे काम महाराष्ट्रात हौशी माणसांनी, बहुधा स्वतःच्या खिशाला खार लावून, केलेले आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. देशातील हौशी आकाशनिरीक्षकांची ती सर्वांत जुनी संस्था मानली जाते. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू परतला, त्या निमित्ताने मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. धूमकेतू येतो तेव्हा एरवी आकाशाकडे न पाहणारा माणूसही मान वर करतो. शिकविणाऱ्याला अशी संधी पुनःपुन्हा मिळत नाही. ती दवडू नये या तळमळीपोटी शब्द जरा मोठे होतात.

परंतु धूमकेतू मोठ्या शब्दांना जुमानीत नाही. २०१३ साली आयसॉन नावाचा धूमकेतू शतकातला सर्वांत तेजस्वी ठरेल, असा गाजावाजा झाला. २८ नोव्हेंबर रोजी तो सूर्याजवळून जाताना विखरून गेला आणि वाट पाहणारे हिरमुसले. याउलट काष्टीच्या रानातून आम्ही पाहिला तो धूमकेतू सूर्यापर्यंत पोहोचण्याआधीच मोडून पडेल, असे भाकीत एका जाणत्या अभ्यासकाने जुलै २०२४ मध्ये केले होते. तो मोडला नाही. जाणकारांचे अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतात आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटावी ती अंदाजाला खात्रीचे कपडे चढविण्याची.

त्याचे परिणाम कोठवर जाऊ शकतात, हेही जगाने पाहिले आहे. १९९६ च्या अखेरीस हेल-बॉप धूमकेतूच्या एका छायाचित्रात शेजारी एक ठिपका दिसला. तो साधा तारा होता. धूमकेतूच्या मागून एक अज्ञात वस्तू येत असल्याची वार्ता मात्र वाऱ्यासारखी पसरली. मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात एका पंथाच्या ३९ माणसांनी, त्या धूमकेतूमागून आपल्याला नेण्यासाठी यान येत आहे या समजुतीने, आपले प्राण दिले. त्यांच्या श्रद्धेची जडणघडण आधीचीच होती. सारा दोष त्या एका वार्तेवर टाकता येणार नाही. पण आकाशाविषयी बेफिकिरीने बोललेला शब्द कोणाच्या कानी पडेल, हे बोलणाऱ्याच्या हाती नसते.

आपण श्रद्धावंतांनीही येथे नम्र झाले पाहिजे. यिर्मया संदेष्ट्याने आकाशातील चिन्हांना भिऊ नका, असे देवाच्या प्रजेला बजावले होते. तरीही ख्रिस्ती उपदेशकांनी कित्येक शतके धूमकेतूकडे बोट दाखवून लोकांना पश्चात्तापास प्रवृत्त केले. हेतू पवित्र होता, साधन भीतीचे होते. मात्र वाढवून सांगण्याचा दोष एकाच बाजूचा नाही. १४५६ साली पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी हॅलेच्या धूमकेतूला धर्मबहिष्कृत केले, ही गोष्ट ज्योतिर्विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांतून दीर्घकाळ सांगितली गेली. वस्तुतः त्या वर्षी तुर्की सैन्य बेलग्रेडवर चालून गेले होते आणि पोपमहोदयांनी त्या संकटासाठी प्रार्थना करण्याचा व मध्यान्ही घंटा वाजविण्याचा आदेश दिला होता. त्या आदेशात धूमकेतूचे नावही नाही. अंधश्रद्धा दूर करण्याच्या सद्हेतूने सांगितलेली ही गोष्ट स्वतःच एक अंधश्रद्धा होऊन बसली.

संत ऑगस्टीन यांनी असत्यभाषणावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. पाखंड उघडकीस आणण्यासाठीसुद्धा खोटे बोलू नये, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या एका ग्रंथात, उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना, त्यांनी ख्रिस्ती लोकांना सावध केले आहे : आकाश, तारे, त्यांच्या गती यांविषयी जाणत्यांसमोर आपण धर्मग्रंथाच्या नावाने चुकीचे बोललो, तर पुनरुत्थानाविषयी आपण जे सांगतो त्यावर ते कसा विश्वास ठेवतील? सोळाशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आहे. लहान गोष्टीतला खोटेपणा मोठ्या गोष्टीतल्या खरेपणाला गिळून टाकतो, हे त्यांनी ओळखले होते.

येथे कोणी विचारील, मग चित्राला, कथेला, अलंकाराला स्थान नाही काय? अवश्य आहे. नाताळात आपण दारावर शेपटीची चांदणी लावतो. मत्तयच्या शुभवर्तमानातील ताऱ्याला शेपटी नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी चित्रकार जोत्तो याने पादुआच्या चॅपेलमध्ये मागी लोकांच्या डोक्यावर धूमकेतू रंगविला. १३०१ साली दिसलेला हॅलेचा धूमकेतू त्याच्या डोळ्यांपुढे असावा. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही, कारण त्याने चित्र काढले, साक्ष दिली नाही. उधळ्या पुत्राचे गाव कोणते, असे प्रभू येशूला कोणी विचारले नाही. दृष्टान्त आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होते. ऐकणारा ज्याला वस्तुस्थिती समजून स्वीकारतो, तेथे वाढविलेला शब्द ही फसवणूक होते.

बाजार आणि आकाश यांतील भेदही हाच आहे. बाजारात घेणाऱ्याला बैलाचा जबडा उघडता येतो. त्या वृद्ध बाईंना धूमकेतूचे दात मोजता येणार नव्हते. त्या शिक्षकांच्या शब्दावरच त्यांनी आपली भीती खाली ठेवली. ज्या मुखाने 'भिऊ नका' असे सांगितले, त्याच मुखाने सांगितलेला आकडा उद्या खोटा निघाला, तर ते 'भिऊ नका' तरी का टिकावे? ज्याला पडताळून पाहता येत नाही, त्याच्याशी बोलताना आपले माप अधिक काटेकोर हवे.

आम्ही हे कोणा शिक्षकाला उपदेश म्हणून लिहीत नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी तरुणांच्या एका आध्यात्मिक शिबिरात आम्ही मरणोन्मुख माणसाच्या मनपालटाचा एक प्रसंग, घडलेला म्हणून, सांगितला होता. तो आम्ही कोठेतरी ऐकला होता. खरा की खोटा, याची चौकशी केली नव्हती. अनेकांचे डोळे पाणावले. काही महिन्यांनी त्यांतील एक तरुण भेटला. तोच प्रसंग त्याने दुसऱ्या एका वक्त्याकडून, दुसऱ्याच गावाच्या नावाने ऐकला होता. "फादर, मग बाकीचं कोणतं खरं?" एवढेच त्याने विचारले. आमच्यापाशी उत्तर होते, पण ते ऐकून घेण्याइतका विश्वास आता त्याच्यापाशी नव्हता. तो विश्वास आमच्या हातून गेला होता.

मग खरे तेवढेच सांगून माणसे येतील काय? हॅलेने आपल्या धूमकेतूचे पुनरागमन १७५८ च्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच होईल, असे सांगितले होते. तो स्वतः १७४२ साली वारला. पुढे क्लेरो या गणितज्ञाने लालांद आणि निकोल-रेन लपोत या विदुषी यांच्या साह्याने कित्येक महिने आकडेमोड केली आणि १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, असे जाहीर केले. सोबत, यात एका महिन्याची चूक असू शकेल, असेही सांगितले. धूमकेतू १३ मार्चला तेथे पोहोचला. 'महिन्याची चूक असू शकेल' या कबुलीने त्या भाकिताचे मोल उणावले नाही. आणि परतलेल्या धूमकेतूला पहिल्यांदा पाहिले ते ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याने, २५ डिसेंबर १७५८ रोजी, नाताळच्या रात्री. कोणी भव्य देखाव्याचे वचन दिले म्हणून तो बाहेर आला नव्हता. तो आकाश पाहत असे, म्हणून त्याला दिसला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या सुमारास लेमन नावाचा धूमकेतू सायंकाळी पश्चिमेस दिसू लागला. काष्टीच्या मंडळाचे पत्रक आमच्याकडेही आले. त्यात लिहिले होते : नुसत्या डोळ्यांनी दिसेलच असे नाही, दुर्बिणीतून फिकट दिसण्याची शक्यता आहे, ढग आले तर काहीच दिसणार नाही. त्या संध्याकाळी अकराच माणसे आली. मागील वर्षीच्या गर्दीपुढे ही संख्या फार थोडी, आणि शिक्षकांच्या मनास ते लागले असावे. बाई आल्या नव्हत्या, गुडघे दुखत होते. पण त्यांनी नातवाला पाठविले होते. त्याने दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हटले, "सरांनी सांगितलं होतं, तसाच आहे."