सांधा आणि कप्पा

सुतार फारसे बोलत नाहीत, हा माझा जुना समज. लहानपणी आमच्या घरी दार बसवायला आलेला मिस्त्री दिवसभरात चार वाक्ये बोलला असेल. त्यांतली दोन चहाविषयी होती. आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात दर रविवारी दुपारी सुतारकाम करणाऱ्यांची बैठक भरू लागली, तेव्हा हा समज तासाभरात गळून पडला. लालबाग-परळच्या या पट्ट्यात आज लाकडाशी नाते असलेली माणसे किती प्रकारची आहेत! रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मिस्त्री, शवपेट्या करणारे, गणपतीच्या मांडवाचे सांगाडे उभारणारे, प्लायवूड आणि सनमायकाची कपाटे बसवणारी तरुण पोरे, पॉलिशवाले, आणि केवळ हौसेने घरच्या गॅलरीत रंधा मारणारे एक-दोन बँकवाले. त्यांत ख्रिस्ती थोडे, इतर अधिक. कोकणी, राजस्थानी, उत्तरेकडची, सगळी माणसे एकाच वेळी बोलत. कोणाचे कोणाला ऐकू येत नसे.

साहजिकच मंडळींनी माझ्याकडे पाहिले. “फादर, तुम्ही शिकलेले, विषय वाटून द्या.” सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला याहून मोठे आमिष कोणते? मी एका रात्रीत वेळापत्रक तयार केले. पहिला रविवार लाकडाचा, दुसरा हत्यारांचा व यंत्रांचा, तिसरा सांध्यांचा, चौथा पॉलिशचा. उरलेसुरले सगळे, म्हणजे सुरक्षितता, मजुरी, गिऱ्हाइकांची भांडणे, मी ‘इतर’ या नावाखाली पाचव्या रविवारी टाकले. पाचवा रविवार वर्षातून चार-पाच वेळाच येतो, हे मला ठाऊक होते. त्यात काही खटकले मात्र नाही.

ज्या प्रश्नाने मला हा लेख लिहायला लावले तो दुसऱ्या रविवारी विचारला गेला. एकोणीस वर्षांचा एक मुलगा, एका लहान कारखान्यात गोल करवतीवर उभा राहणारा. त्याने विचारले, “फळी उभी चिरताना मध्येच करवत आवळल्यासारखी होते, फळी मागे उसळते. असे का?” मी अध्यक्षाच्या खुर्चीत होतो. सभेला शिस्त लागावी या हेतूने मी म्हणालो, “बाळा, हा लाकडाचा प्रश्न दिसतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी विचार.” तो खाली बसला. पुढचा पहिला रविवार उजाडण्याआधी त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली.

पश्चात्तापाची सवय आमच्या पेशात फार सहज लागते, आणि ती नेहमी सत्याला धरून असतेच असे नाही; म्हणून हेही सांगणे भाग आहे की त्या यंत्रावरचे एक महत्त्वाचे पाते मालकाने काढून ठेवले होते. माझ्या उत्तराने त्याची बोटे वाचली असती असे मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण रुग्णालयातून परत येताना रेल्वेतले जुने मिस्त्री माझ्याबरोबर होते. त्यांनी मला जे समजावले त्याने माझी झोप उडाली.

ते म्हणाले, “फादर, लाकूड सुकते तेव्हा आडवे आकसते, उभे जवळजवळ नाहीच. फळी सगळीकडून सारखी सुकली नाही की तिच्या पोटात ताण राहतो. उभी चिरली की ताण मोकळा होतो. कधी चीर उघडते, कधी मिटते. मिटली की मागच्या बाजूने पाते पकडले जाते, आणि फिरते पाते फळी तुमच्या अंगावर फेकते. हात फळीवर असतो, तो ओढला जातो. म्हणून चिरेत उभे राहणारे जाड पाते करवतीच्या मागे लावतात. चीर मिटू नये म्हणून.”

वाचकहो, त्या मुलाच्या एका प्रश्नाचा पहिला भाग माझ्या पहिल्या रविवारात होता, दुसरा भाग दुसऱ्यात आणि तिसरा भाग वर्षातून चारदा येणाऱ्या पाचव्यात. वस्तुस्थिती एकच होती. तिचे तीन तुकडे मी केले होते, तेही नीटनेटकेपणाच्या प्रेमाने.

प्लेटोने ‘फीड्रस’ या संवादात विचारवंताला सल्ला दिला आहे की विषयाचे विभाजन निसर्गतः जेथे सांधे आहेत तेथेच करावे. अडाणी खाटकासारखे हाड फोडू नये. सेमिनरीत हे वचन आम्ही घोकले होते. आपल्या मराठीत मात्र ‘सांधा’ या शब्दाला एक वेगळीच गंमत आहे. शरीराचाही सांधा आणि चौकटीचाही सांधा. खाटीक सांध्यावर तोडतो. सुतार सांध्यावर जोडतो. खाचेत कुसू बसवले की दोन लाकडे एक होतात, आणि तो सांधा चांगला असेल तर पुढे चौकट मोडली तरी सांधा सुटत नाही, असे मिस्त्री सांगतात. विषयांची वाटणी करणाऱ्याला यांतला कोणता अर्थ शोभतो, याचा विचार मी वेळापत्रक आखताना केला नव्हता. येथून कापता येते एवढेच मी पाहिले होते.

तरीही वाटणीच मुळात पाप आहे, असे म्हणणे मला पटत नाही. अरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच ग्रंथात सुताराचे उदाहरण दिले आहे. काटकोन सुतारही शोधतो आणि भूमितीज्ञही. पण सुताराला तो कामापुरता हवा असतो, भूमितीज्ञाला त्याचे स्वरूप जाणायचे असते. गुण्या हातात धरणाऱ्याने भूमितीचे प्रमेय सिद्ध करत बसू नये, हे त्यात गृहीत आहे. हेतू वेगळे, म्हणून बैठकी वेगळ्या. ही वाटणी प्रामाणिक आहे. आमच्यातला पॉलिशवाला रविवारचे काम सोडून येतो. त्याला तीन रविवार करवतीची पाती ऐकवणे म्हणजे त्याच्या मजुरीवर हात मारणे. दुसऱ्याच्या वेळेचा मान राखणे हाही न्यायाचाच भाग आहे. त्यामुळे कप्पे हवेत. ते कोण आखतो, कशासाठी आखतो आणि त्यांच्या भिंती किती जाड ठेवतो, हाच खरा प्रश्न.

या भिंती कशा जाड होतात याचा एक जुना दाखला लंडनचा आहे. तेथे खिळ्याने लाकूड जोडणारे आणि सरस व कुसू वापरून जोडणारे अशा दोन संघटना होत्या, आणि त्यांच्यात सतत तंटे होत. 1632 साली नगराच्या अधिकाऱ्यांनी निवाडा दिला. कुसू, सरस व तत्सम सांध्यांनी केलेले पलंग, टेबले, खुर्च्या एका संघटनेच्या. खिळ्यांनी ठोकलेले काम दुसऱ्या संघटनेचे. म्हणजे एका माणसाला टेबल उत्तम करता येत असले तरी ते कोणत्या रीतीने जोडावे हे त्याच्या संघटनेवर ठरणार. येथवर कप्पा ज्ञानाचा नव्हता, पोटाचा होता. त्या निवाड्यावर आपण हसावे, अशी स्थिती आपली तरी कोठे होती? आपल्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. त्याची विद्या त्याच्या घरात, आणि घराबाहेरच्याने वाकस हाती धरण्याचा प्रश्नच नव्हता.

पण या बाबतीतले सर्वांत बोचरे उदाहरण माझ्या सभागृहाच्या खिडकीतून दिसते. आता तेथे काचेच्या इमारती आहेत. पूर्वी गिरण्या होत्या. गिरणीत सगळा कारभार खात्यांचा. कांतण खाते, विणकाम खाते, रंग खाते. यंत्रांच्या दृष्टीने ही विभागणी अगदी स्वाभाविक होती. विणकाम खात्यात लाकडी धोटा असे. कांडी संपली की नवी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका माणसाने ओठ लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, एवढ्या कारणाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. आणि मजुरी अधिक होती ती तेथेच. 1928च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. भांडवलदारांविरुद्ध सगळे एक असल्याची भाषा करणाऱ्यांना आपल्याच खात्याचे दार दिसत नव्हते. खाते सुताचे, कप्पा माणसांचा. आम्हा ख्रिस्ती लोकांनी या ठिकाणी मान फार उंच करू नये. गोव्यातल्या कित्येक चर्चमधल्या धर्मसंघांचे मान आणि मखर कोणत्या ज्ञातीकडे, याचे वाद आमच्याच दप्तरात आहेत.

आमच्या बैठकीतही हा धोका आला होता, आणि तो मी ओळखलाही नसता. एका सुशिक्षित सदस्याने सूचना केली की नवशिक्यांसाठी वेगळी खोली असावी, म्हणजे जाणत्यांचा वेळ जाणार नाही. ऐकायला सोयीचे वाटले. रेल्वेतले मिस्त्री मात्र मान हलवत राहिले. ते म्हणाले, “मी कारखान्यात लागलो तेव्हा लाकडी डब्यांच्या दुरुस्तीची कामे अजून चालू होती. पहिले वर्षभर मी फक्त उस्तादांच्या शेजारी उभा होतो. वेगळ्या खोलीत उभे केले असते तर मी आजही उभाच असतो.” परळ आणि लोअर परळचे रेल्वे कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातले. तेथे कित्येक पिढ्यांनी सागवानी डबे घडवले आणि सांभाळले. 1955नंतर पेरांबूरहून पोलादी डबे येऊ लागले तसतसे ते लाकूडकाम ओसरत गेले. त्या विद्येचे कप्पे होते, पण तिची भरती शेजारी उभे राहण्यातून होत असे.

ग्रंथालयशास्त्राने याच कोड्याशी झुंज दिली आहे. मेल्विल ड्यूईने 1876 साली दशांश पद्धत मांडली. तिच्यात लाकूड कापून तयार करण्याचे ज्ञान 674मध्ये, घरगुती फर्निचर बनवणे 684मध्ये, इमारतीचे सुतारकाम 694मध्ये, कोरीवकाम 736मध्ये आणि फर्निचरची कला 749मध्ये. सुताराने आपली विद्या शोधायला निघावे तर त्याने अख्ख्या ग्रंथालयाची प्रदक्षिणा करावी! आपल्या एस. आर. रंगनाथनांना ही अडचण जाणवली. लंडनमध्ये मेकॅनो हे खेळणे पाहिल्यावर त्यांना सुचले की प्रत्येक पुस्तकाला आधीच बांधलेल्या एका खणात कोंबण्यापेक्षा विषयाचे पैलू सुटे ठेवावेत आणि गरजेप्रमाणे जोडावेत. 1933 साली त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. द्रव्य एक पैलू, त्यावरची क्रिया दुसरा, स्थळ आणि काळ आणखी दोन. कापणे नव्हे, जोडणे. सुताराचा सांधा तो हाच.

संत थॉमस आक्विनास यांची ‘सुम्मा’ ही कप्प्यांची परिसीमा समजली जाते. तीन भाग, पाचशेहून अधिक प्रश्न, त्यांखाली पुन्हा उपप्रश्न. तरुणपणी मला ती एखाद्या प्रचंड कपाटासारखी वाटे. आता वेगळेच दिसते. प्रत्येक उपप्रश्नाच्या आरंभी थॉमस स्वतःचे मत सांगत नाहीत; विरोधकाचे आक्षेप आधी मांडतात, आणि पुष्कळदा विरोधकापेक्षा चांगले मांडतात. कप्पा आहे, पण त्याचे दार प्रश्न विचारणाऱ्यासाठी उघडे आहे. मी त्या मुलाशी नेमके उलटे वागलो होतो. आणि थॉमसनी 1273च्या डिसेंबरात लेखणी खाली ठेवली ती ग्रंथ अपुरा टाकूनच. शेवटचे खण रिकामे राहिले.

आमचे वेळापत्रक आता बदलले आहे, ते माझ्या बुद्धीने नव्हे. मिस्त्री म्हणाले, “फादर, विषय ठेवू नका, वस्तू ठेवा.” तेव्हापासून टेबलावर एक वस्तू असते. कधी तीन पायांचे स्टूल, कधी जुन्या चाळीच्या खिडकीची चौकट, एकदा अर्धवट शवपेटी. तिच्याभोवती लाकूड, हत्यार, सांधा, पॉलिश, मजुरी आणि बोटे, सगळे आपोआप येते. पूर्ण समाधान झाले असे नाही. पॉलिशवाले दोघे येईनासे झाले. त्यांचा वेळ आम्ही खरोखरच खाल्ला. गोंगाटही परत आला आहे. कित्येकदा मला माझे चार रविवार आठवतात आणि त्यांची शांतता हवीशी वाटते.

बोटे गेलेला मुलगा परत आला. त्याने कोणाला दोष दिला नाही, मलाही नाही. त्यामुळे मला त्याच्याकडे पाहणे अधिक कठीण झाले. आता बैठकीची वही तोच लिहितो. प्रत्येक प्रश्नापुढे त्याने चार-पाच रकाने आखले आहेत आणि एकाच प्रश्नासाठी तो दोन-तीन रकान्यांत खूण करतो. ‘इतर’ नावाचा रकाना त्यात नाही. मागच्या रविवारी एकाने विचारले, पॉलिशच्या वासाने रात्री डोके धरते, ते कशामुळे? मुलगा पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहू लागला. खूण कोठे करावी ते मला सांगता येईना. आम्ही दोघे उठून, येईनाशा झालेल्या त्या पॉलिशवाल्यांपैकी एकाच्या घरी विचारायला गेलो.