दान, उत्सर्ग आणि प्रभागातले पाणी

वैशाखात तहानलेल्याला पाणी देणे हे पुण्यकर्म होय, याविषयी धर्मशास्त्रात दुमत आढळत नाही. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावे उदककुंभ, म्हणजे पाण्याने भरलेला घट, दिला जातो. उन्हाळ्यात धर्मघटाचे व्रत चालते. आणि वाटेच्या कडेला प्रपा, म्हणजे आजच्या बोलीतील पाणपोई, घातली जाते. याच दिवसांत पारा चाळिशी ओलांडून जातो आणि वऱ्हाडातल्या शहरांत स्त्रिया रिकाम्या घागरी घेऊन नगर परिषदेवर मोर्चा नेतात. त्या स्त्रिया जे मागतात ते दान आहे काय, आणि दान असेल तर मागणाऱ्या त्या याचक ठरतात काय, हा प्रश्न दिसायला नळयोजनेचा असला तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे.

त्याचे उत्तर शोधताना धर्मशास्त्रातील एका भेदाकडे वळावे लागते. दानात दाता वस्तूवरील आपले स्वामित्व सोडतो आणि ते विशिष्ट प्रतिग्रहीत्याकडे, म्हणजे घेणाऱ्याकडे, जाते. विहीर, तळे, घाट यांसारख्या लोकोपयोगी कामांना ‘पूर्त’ अशी संज्ञा असून, ती लोकांच्या स्वाधीन करण्याच्या विधीला ‘उत्सर्ग’ म्हणतात. उत्सर्गात स्वामित्व सुटते, परंतु ते कोणा एकाच्या हाती पडत नाही. तळे सर्वांसाठी मोकळे होते, आणि ते बांधणाराही त्या ‘सर्वां’पैकीच एक असल्यामुळे त्यालाही तेथे स्नान-पान करता येते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा भेद नोंदविला आहे. दानात देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे असतात, तर उत्सर्गात दोघे एकाच काठावर येतात, आणि म्हणूनच नागरिकत्वाच्या कल्पनेला आपल्या परंपरेत सर्वांत जवळची संकल्पना कोणती असे विचारल्यास उत्सर्गाचेच नाव घ्यावे लागेल.

वऱ्हाडातल्याच वाशिमला ही संकल्पना परकी नाही. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म ते हेच, आणि येथील माहात्म्यपरंपरा गावातील तीर्थांची मोजदाद करते, ज्यांपैकी पद्मतीर्थ आजही लोकांच्या तोंडी आहे. तीर्थाच्या पाण्यावर कोणाचे नाव नसते. आजच्या शहराची तहान मात्र एकबुर्जी जलाशयावर अवलंबून आहे, आणि तेथून घरापर्यंतची वाट जलवाहिनी, टाकी, झडप, पाण्याची पाळी आणि ती ठरविणारा कारभार यांतून जाते. नगर परिषदांच्या १९६५ च्या कायद्याने पाणीपुरवठा हे परिषदेचे कर्तव्य मानले असून त्यासाठी रहिवासी पाणीपट्टी भरतो. म्हणजे हे आधुनिक तळे बांधणाऱ्यांत तोही आहे.

असे असताना उन्हाळ्यात प्रभागात शिरणारा, एखाद्या इच्छुक उमेदवाराचे नाव आणि छायाचित्र मिरविणारा टँकर काय करतो, हे नीट पाहिले पाहिजे. त्याने आणलेले पाणी खरे असते आणि त्याने भागणारी तहानही खरी असते, त्यामुळे त्याची निंदा करणे सोपे असले तरी न्याय्य नाही. परंतु पाणपोई ही वाटसरूसाठी असते, ज्याचे त्या गावात घर नाही, कर नाही आणि मत नाही अशासाठी. तीच उपकाराची रीत रहिवाशाला लावली की तो आपल्याच मोहल्ल्यात वाटसरू होतो. टँकरवरचे नाव पुसले जात नाही, म्हणून उत्सर्गही घडत नाही. घेणाऱ्याकडे मतदानापर्यंत जपावयाची कृतज्ञता तेवढी उरते. रिकामी घागर घेऊन परिषदेच्या दारात उभी राहणारी स्त्री ही कृतज्ञता नाकारते, आणि तिच्या कृतीचे धार्मिक मोल कुंभदानाहून कमी मानण्याचे कारण दिसत नाही.

येथे परंपरेची बाजू एकतर्फी मांडणे मात्र सत्याला धरून होणार नाही. उत्सर्गाच्या संकल्पात ‘सर्व भूतांसाठी’ असा भाव असूनही शतकानुशतके तळ्यांच्या काठांवरून अस्पृश्य मानलेल्यांना हाकलले गेले, आणि ज्यांनी हाकलले त्यांना आपण संकल्प मोडतो आहोत असे वाटले नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव संमत झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तेथील पाणी प्राशन केले तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्यानंतरही या तळ्याच्या वादातील न्यायालयीन निकालासाठी १९३७ साल उजाडावे लागले. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तळी आणि घाट यांविषयी जो निषेध आहे, त्यात राज्याच्या पैशाने राखलेल्या जागांबरोबर सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या जागांचाही उल्लेख येतो. हे समर्पण म्हणजे उत्सर्गच. फरक एवढाच की ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ आता काठावरच्या बलवंताने ठरवावयाचा नाही.

मोहल्ल्याने एकत्र येऊन पाणी मागणे म्हणजे अपुरा राहिलेला उत्सर्ग पुरा करणे, असे यावरून म्हणता येते. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते त्यांनी पाणी वाटले म्हणून नव्हे, तर पाण्यासाठी लोकांना संघटित केले म्हणून. या संघटनेला कायद्याचा आधार मात्र लहान शहरांत तोकडा आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची जी सक्ती केली ती ३ लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांपुरती आहे. २०११ च्या जनगणनेत वाशिम शहराची लोकसंख्या ८० हजारांच्या आतच होती. त्यातच २०२१ च्या अखेरीपासून राज्यातील अनेक नगर परिषदांच्या मुदती संपूनही निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे राहिला. त्या उन्हाळ्यांत अशा शहरांतील घागर मोर्चाला आपल्या प्रभागाने निवडलेला माणूस समोर सापडला नाही, आणि अर्ज स्वीकारणाऱ्याच्या टेबलापलीकडे स्त्रिया पुन्हा प्रतिग्रहीत्याच्याच जागी उभ्या राहिल्या.