मनूचा मासा

भिलाईच्या स्मृतिनगरात जी थोडी मराठी मंडळी राहतात, त्यांच्या चहाच्या बैठकींत वेतनवाढ, बदली आणि मुलांच्या परीक्षा यांपलीकडचे विषय क्वचितच येतात. यंदा मात्र एका माशाने हा क्रम मोडला. आमचे एक स्नेही सुटीच्या दिवशी शिवनाथ नदीवर गळ टाकून बसण्याचे शौकीन आहेत. त्यांच्या गळाला एकदा भला मोठा कटला लागला. बऱ्याच झटापटीनंतर तो काठाशी आला. त्यांनी त्याला उचलून छायाचित्र काढविले आणि पुन्हा पाण्यात सोडून दिले. या एका कृत्यावरून आमच्यांत दोन तट पडले. एका पक्षाला यात औदार्य दिसले, दुसऱ्याला अन्नाचा अपमान. शेजारच्या बंगाली बाबूंनी तर कटल्याच्या डोक्याच्या रश्श्याची आठवण काढून असा सुस्कारा टाकला, की जणू घरातलेच कोणी गेले. परंतु सर्वांत मार्मिक प्रश्न विचारला तो त्या वेळी काठावर जाळे उकलीत बसलेल्या एका वृद्ध केवटाने. सोडायचाच होता, तर धरला 'काबर'? छत्तीसगढीत 'काबर' म्हणजे कशासाठी.

या 'काबर'चे उत्तर शोधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वरवर पाहता प्रश्न एका माशाचा आहे. पण जे आपल्या तावडीत सापडले आहे आणि ज्याचे आपण वाटेल ते करू शकतो, त्याचे काय करावे, हा प्रश्न माशापुरता राहत नाही.

प्रथम ठेवणाऱ्याचा पक्ष पाहू. मासा धरून खाणे हे ज्याचे जीवन आहे त्याच्याकडे नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही. कालिदासाच्या 'शाकुंतला'त राजमुद्रेची अंगठी सापडलेला धीवर शिपायांच्या हाती लागतो. ते त्याच्या धंद्याची टर उडवितात, आणि तो गरीब माणूस न लाजता सांगतो, की वाट्याला आलेले काम निंद्य म्हणून टाकून देता येत नाही. ती अंगठी त्याला ज्याच्या पोटात सापडली तो रोहित मासा, म्हणजे आपला रोहूच. धीवराने त्या दिवशी दया दाखवून मासा सोडला असता, तर दुष्यंताला शकुंतलेची आठवण झाली नसती आणि नाटक सहाव्या अंकाच्या दाराशीच अडले असते! विनोद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. धीवराला कोणी 'काबर' असे विचारले, तर त्याच्यापाशी उत्तर आहे. तो धरतो, विकतो, मुलाबाळांना जगवितो. त्याच्या कृतीचा आरंभ आणि शेवट एकाच सुतात ओवलेला आहे.

यात आणखी एक भेद केला पाहिजे. तो म्हणजे तलावातला मासा आणि नदीतला मासा. छत्तीसगढ हा तलावांचा प्रदेश आहे. येथील गावोगावच्या तलावांत रोहू, कटला, मृगल यांचे बीज सोडतात आणि पुढे ते मासे काढून विकतात. हे मासे स्वभावतः साठलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते, चढते पाणी लागते. १९५७ च्या जुलैत ओरिसातील अंगुल येथे हीरालाल चौधरी यांनी माशाच्या मस्तकातील पोष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले, आणि तेव्हापासून तलावासाठी लागणारे बीज हुकमी मिळू लागले. म्हणजे तलावातला कटला हे पेरलेले पीक आहे. ज्याने पेरले त्याने कापावे. तो पुन्हा पाण्यात सोडण्यात विशेष पुण्य नाही, न सोडण्यात पाप नाही. नदीतल्या माशाचे तसे नाही. त्याला कोणी पेरले नाही, पोसले नाही. सरकारी नियमालाही हा भेद ठाऊक आहे. छत्तीसगढात १६ जून ते १५ ऑगस्ट या प्रजननाच्या काळात मासेमारीला बंदी असते. ज्या लहान तलावांचा नदीनाल्यांशी संबंध नाही, त्यांना मात्र तीतून सूट आहे. असा निर्बंध आपल्या भूमीला नवा नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात काही जातींचे मासे अवध्य ठरविले आणि ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली. सत्ताधीशाने स्वतःचा हात आखडता घेण्याचे हे एक फार जुने उदाहरण होय.

आता खरा कठीण प्रश्न. नदीतला मासा, तोही असाधारण मोठा, आणि धरणारा भुकेला नाही. अशा माशाचे काय करावे? इंग्रजी अमदानीत याचे उत्तर सोपे होते. मासा पेंढा भरून भिंतीवर टांगावा. म्हैसूरचे व्हॅन इंगेन हे घराणे वाघ-बिबळ्यांची कातडी भरण्यासाठी जगप्रसिद्ध होते. त्याच घराण्यातील एका गृहस्थाने १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा, महसीर धरला. गळाने धरलेल्या महसीरांत हा विक्रम आजही सांगितला जातो. पण कावेरीच्या खोऱ्यातील ही पाठीला कुबड असलेली जात पुढे इतकी विरळ झाली, की २०१८ साली तिची शास्त्रीय ओळख पक्की झाली, तेव्हा लगोलग तिचे नाव 'अतिसंकटग्रस्त' यादीत घालावे लागले. ज्याचा विक्रम आपण पाठ केला त्याचे खरे नाव आपल्याला त्याच्या अंतकाळी समजले!

हा ऱ्हास एकट्या गळाने घडविला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी, ही मोठी कारणे आहेत. आणि एक कारण तर सद्‌हेतूतून जन्मलेले आहे. आपल्या लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीराचे बीज तयार करण्याचे स्तुत्य काम केले. पण तेथील निळसर परांच्या महसीराची पिले कावेरीत सोडली गेली. ती तेथे इतकी फोफावली, की त्या नदीच्या मूळच्या कुबडवाल्या महसीराची जागा त्यांनीच घेतली, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. तेव्हा पाण्यात जीव सोडणे हे देखील आपोआप पुण्य ठरत नाही. कोणता जीव, कोठे आणि कशासाठी सोडला, हे पाहावेच लागते.

मोठा मासा सोडावा असे म्हणणाऱ्यांपाशी एक सबळ कारण आहे. माशांत मादी जसजशी मोठी होते, तसतशी तिची अंडी नुसती वाढत नाहीत, तर तिच्या वजनाच्या प्रमाणाहून अधिक वाढतात. दोन किलोंच्या पाच माद्या मिळून दहा किलोंच्या एका मादीची बरोबरी करू शकत नाहीत. तेव्हा ज्या आकारामुळे मासा भिंतीवर टांगण्याजोगा वाटतो, त्याच आकारामुळे तो नदीला सर्वांत अधिक हवा असतो. म्हणूनच काही देशांत आता लहान माशांबरोबर फार मोठे मासेही सोडून देण्याचा नियम आहे.

येथे आम्हांस शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा आठवते. हात धुताना मनूच्या ओंजळीत एक चिमुकला मासा येतो. तो म्हणतो, मला सांभाळ, लहानांना मोठे मासे गिळतात. मी पुढे तुला तारीन. मनू त्याला घागरीत ठेवतो, वाढल्यावर खड्ड्यात ठेवतो, आणि तो पूर्ण वाढला म्हणजे समुद्रात नेऊन सोडतो. पुढे प्रलय येतो, आणि तोच मासा मनूची नाव ओढून नेतो. या कथेत ठेवणेही आहे आणि सोडणेही आहे. पण त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. मनूने मासा ठेवला तो लहान होता तेव्हा, त्याच्या रक्षणासाठी. आणि सोडला तो मोठा झाल्यावर. आपला शौकीन गळवाला याच्या नेमके उलट करतो. तो लहान मासा तुच्छतेने परत टाकतो, आणि मोठा अभिमानाने घरी नेतो. मनूने माशाच्या वाढीत माशाची गरज पाहिली. आपण तिच्यात आपली कीर्ती पाहतो.

तर मग आमच्या स्नेह्यांनी मासा सोडला हे योग्यच झाले, असे म्हणून लेखणी ठेवावी काय? केवटाचा प्रश्न तसे करू देत नाही. गळ लागलेल्या माशाला वेदना होत नाहीत, अशी समजूत फार दिवस सोयीची होती. २००३ साली स्कॉटलंडमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या ओठांभोवती इजेची जाणीव करून देणारे मज्जातंतू असल्याचे दाखविले, आणि ती सोय संपली. झटापटीने मासा थकतो. पाण्याबाहेर प्रत्येक क्षण त्याला श्वासावाचून काढावा लागतो. आणि उन्हाळ्यातल्या तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असल्याने सोडलेला मासा कधी कधी आपल्या नजरेआड मरतो. जर्मनीत १९७२ च्या प्राणिरक्षण कायद्यान्वये सबळ कारणावाचून प्राण्याला यातना देणे हा गुन्हा आहे, आणि खाण्याचा हेतू नसताना केवळ मौजेखातर मासा धरणे त्यात बसत नाही, असा तेथील सामान्य दंडक आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००९ पासून सोडून देण्याच्याच इराद्याने गळ टाकण्यास मनाई आहे. अमेरिकेत मात्र ली वुल्फसारख्यांनी १९३९ पासून पकडून सोडण्याचाच पुरस्कार केला, आणि तिकडे सोडणारा सज्जन ठरला. जे एका देशात सौजन्य, तेच दुसऱ्या देशात क्रौर्य!

आम्हांस वाटते, की हे दोन्ही निर्णय परस्परविरोधी दिसत असले तरी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. 'मासा हाती आला आहे, आता काय करावे?' हा एक प्रश्न. 'मुळात गळ का टाकावा?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चांगले दिल्याने दुसऱ्याचे उत्तर दिल्यासारखे होत नाही. एखाद्याने वाटेत कोणाला अडविले, अर्धा तास छळले, आणि मग लुटले नाही म्हणून तो दाता ठरत नाही. सोडण्याचे कृत्य बरोबर असू शकते; पण त्याला 'दया' म्हणणे बरोबर नाही. ज्यावर आपला हक्क नव्हता ते परत दिले, एवढेच ते आहे. कटल्याचा तो आकार नदीने अनेक पावसाळ्यांत घडविला. आपला अर्धा तास त्या हिशेबात कोठे बसतो?

म्हणून आमचे उत्तर असे. ज्याला खायचे आहे त्याने खाण्यापुरते धरावे, धरलेले वाया घालवू नये, आणि पोटापुरते झाले की गळ गुंडाळावा. त्याच्या गळाला नदीतली मोठी मादी लागली तर त्याने ती सोडावी. पाण्याबाहेर फार वेळ न धरता, छायाचित्राचा सोहळा न करता सोडावी. त्या दिवशी घरी भाजी झाली तरी चालेल. आणि ज्याला खायचेच नाही, त्याने गळ टाकण्यापूर्वी स्वतःला 'काबर' विचारावे. केवळ आपली हुशारी पाहण्यासाठी दुसऱ्याचा जीव ताणावा, हे उत्तर उच्चारताना जीभ अडखळते. नदीकाठी बसण्यासाठी गळ लागतोच असे नाही. निर्णयाचा क्षण मासा हाती येतो तेव्हाचा नसतो. तो त्याआधी, आमिष लावताना, येऊन गेलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, की असे कडक नियम लावले तर माणसाला मौज म्हणून काही उरणार नाही. हा आक्षेप हलका नाही. आमचे स्नेही सहा दिवस फायलींत मान घालून बसतात; सातव्या दिवशी पाण्याकडे पाहत बसण्याने त्यांचे मन स्थिर होते, आणि नदीवर त्यांच्याइतके प्रेम करणारा दुसरा मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. गळवाल्यांनीच पुष्कळ ठिकाणी नद्यांसाठी आवाज उठविला आहे, हेही खरे. पण प्रेमाला ताबा हवाच असतो काय? महाड तालुक्यातील वाळणकोंडाच्या डोहात महसीर आहेत. देवीचे मासे म्हणून लोक त्यांना धरीत नाहीत. लोक तेथे जातात, माशांना चुरमुरे टाकतात, त्यांच्या उड्या पाहतात आणि परततात. मौज त्यांनाही होते.

आपल्यासारख्या बदलीच्या माणसांनी तर या प्रश्नाचा विचार अधिक केला पाहिजे. आपण एखाद्या प्रांतात तीन वर्षे, पाच वर्षे राहतो. निघताना सामानाबरोबर काहीतरी 'आठवण' न्यावी असा मोह होतो. पूर्वीच्या साहेबांनी शिंगे नेली, कातडी नेली. आपण निदान छायाचित्रे नेतो. पण ज्यांची जाळी याच नदीत पडायची आहेत आणि ज्यांच्या मुलांची पडणार आहेत, ते केवट येथेच राहतात. त्यांच्या नदीतले मोठेपण आपल्या नावावर लावून नेण्याचा अधिकार पाहुण्याला नाही.

दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ पुढे महानदीला मिळते. तेच पाणी हिराकूडचे धरण ओलांडून संबलपूरजवळ हुमा येथील कलत्या शिवमंदिराच्या पायथ्याशी पोहोचते. तेथील घाटावरचे मासे कोणी मारीत नाहीत. काठावरचे कोळी गरीब आहेत, भूकही आहे. तरी नदीचा एवढा तुकडा त्यांनी आपल्या हक्कातून वगळला आहे. ज्यांना भूक नाही, त्यांना इतके वगळणे जड जाऊ नये.