वैमानिकाचा नकार

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही, पण हेलिकॉप्टर आता नवलाचे राहिलेले नाही. सावरगाव घाटचा दसरा मेळावा असो की निवडणुकीतली परळी, आष्टी, माजलगावची सभा. शाळेच्या मैदानावर फक्कीने गोल आखला जातो, धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारले जाते, पोरे झाडावर चढून बसतात. नेता उतरला की गर्दी त्याच्यामागे धावते. मागे उरलेला वैमानिक घड्याळ आणि आभाळ आळीपाळीने पाहत असतो. सभा तासभर लांबलेली, पुढची दोन ठिकाणे बाकी आणि दिवस मावळायच्या आत पोचायचे. त्या मैदानावर सर्वांत अवघड निर्णय त्याचा असतो.

शेजारच्या लातूर जिल्ह्यात, निलंग्याला, 25 मे 2017 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडताच खाली आले, तारांत अडकले आणि कोसळले. सारे वाचले. मराठवाड्यातला मे महिना वैमानिकासाठी वैरीच असतो. तापलेली हवा विरळ होते, पाती तितक्याच वेगाने फिरली तरी उचल कमी मिळते. मग इंधन कमी घ्यायचे किंवा माणसे कमी करायची. हिशोब सोपा आहे. अवघड आहे ते सांगणे, की साहेब, दोघांना उतरावे लागेल. कोण उतरणार? अंगरक्षक, स्वीय सहायक की बरोबर यायचेच म्हणून बसलेला स्थानिक आमदार?

कौशल्य आणि विवेक एकच, असा आपला समज आहे. तो खरा नाही. नागपूरचे कॅप्टन दीपक साठे हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, प्रशिक्षणात मानाची तलवार मिळवलेले, चाचणी वैमानिक म्हणून काम केलेले. 7 ऑगस्ट 2020 रोजी दुबईहून आलेले त्यांचे विमान कोझिकोडला पावसात धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. त्यांच्यासह 21 जण गेले. 2021मध्ये आलेला चौकशी अहवाल वाचताना जीव कळवळतो. उतरण्याचा एक प्रयत्न सोडून झाला होता. दुसऱ्या वेळी पाठीमागून वारा होता आणि सुमारे 2700 मीटरची धावपट्टी निम्मी सरल्यावर चाके टेकली. सहवैमानिकाने पुन्हा वर चला, असे सांगितले होते. ते ऐकले गेले नाही, आणि त्यानेही नियंत्रण हाती घेतले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून निघणारे उड्डाण साठ्यांनाच न्यायचे होते. तिथे कॅप्टन पुरेसे नव्हते. उतरण्याचा आग्रह त्यातून आला, असे अहवाल म्हणतो.

चूक त्यांची, हे अहवाल स्पष्ट लिहितो आणि ते मान्य करायला हवे. आदरापोटी ते झाकले तर पुढचा वैमानिक काय शिकणार? पण दुसऱ्या दिवशीचे वेळापत्रक इतके ताणून ठेवणारे आणि कनिष्ठाचा आवाज क्षीण ठेवणारी शिस्त, यांनाही त्या चुकीतला वाटा घ्यावाच लागेल. माघारी फिरण्याची मर्यादा जमिनीवर असतानाच ठरवायची असते: इतका वारा, इतका पाऊस, इतका उजेड, त्यापुढे नाही. ऐन वेळी, थकलेल्या मनाला, इथवर आलोच आहोत तर उतरूया, एवढेच सुचते.

कायद्याने विमानाच्या सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी वैमानिकाचीच आहे. पण ती पार पाडताना पुढचे कंत्राट जाईल, मालक रागावेल, नेता तोंड फिरवेल, अशी भीती असेल तर तो अधिकार कागदावरच राहतो. ही भीती घालवणे वैमानिकाच्या हातात नाही. ते काम हेलिकॉप्टर भाड्याने घेणाऱ्यांच्या, सभा ठरवणाऱ्यांच्या आणि उन्हात ताटकळूनही नेता हेलिकॉप्टरनेच आला पाहिजे असे मानणाऱ्या आपल्या हातात आहे. बीडमधल्या सगळ्याच पक्षांच्या नेत्यांना विनंती आहे: एखाद्या सभेला उशीर झाला तर व्यासपीठावरून उघडपणे सांगा, वैमानिकाने नको म्हटले म्हणून गाडीने आलो. लोक रागावणार नाहीत.